लाइन एकचा ढकल्या

५ फेब्रुवारी, सोमवार

पॅकिंग हॉलमधल्या जुन्या वायरी आज काढायला घेतल्या. तरुणपणी मीच ओढलेल्या, एकेक करून. प्रत्येक सेन्सरपासून पॅनेलपर्यंत वेगळी वायर, प्रत्येक व्हॉल्व्हला वेगळी. मनगटाएवढे जुडगे निघाले. साबणाचा भुगा बसून बसून सगळं बुळबुळीत झालं होतं.

त्यांच्या जागी आता एकच केबल. ती कारखानाभर फिरणार आणि वाटेत जे यंत्र लागेल त्याला तिच्यातून एक आखूड फांदी काढायची. कंपनीकडून एक इंजिनिअरबाई आल्या आहेत, आमच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी सगळ्यांना उभं करून समजावलं. या नेटवर्कचे नियम खुले आहेत, म्हणून मोटर एका कंपनीची, सेन्सर दुसऱ्या, व्हॉल्व्ह तिसऱ्या कंपनीचा असला तरी सगळे एकाच केबलवर बोलू शकतात. फक्त प्रत्येकाला स्वतःचा नंबर हवा. नंबराने हाक आली की ज्याचा त्याने ओ द्यायची.

मागून साडूभाऊ म्हणाले, "म्हणजे आमच्या सासुरवाडीसारखं. सगळे एकदम बोलतात, पण काम सांगायचं तर नाव घेऊन हाक मारावी लागते." बाईसुद्धा हसल्या. साडूभाऊ लाइन एक चालवतात. हिच्या धाकट्या बहिणीचे यजमान. मीच त्यांना इथे चिकटवलं.

मीही हसलो, पण मला या नंबरांची धास्ती वाटते. नंबर बसवायचं काम माझ्याकडे आलंय. मोठे साहेब म्हणाले, "तुमच्याइतका हॉल कुणाला माहीत आहे?" बोलायची सोय नाही, म्हणून ही वही आणली.

८ फेब्रुवारी, गुरुवार

नंबर बसवायला प्रत्येक यंत्रावर दोन चकत्या असतात, शर्टाच्या बटणापेक्षा लहान. बारीक पेचकसाने फिरवायच्या. कडेने इंग्रजी आकडे कोरलेले. एवढे बारीक आकडे का कोरतात देव जाणे. यंत्र परदेशात बनवतात, आमच्या हॉलमध्ये दिवे किती मिणमिणते आहेत हे त्यांना कुठून ठाऊक असणार. विजेच्या माणसाला सांगून दोन ट्यूब बदलून घेतल्या. फारसा फरक पडला नाही.

घरीही तोच प्रकार. स्वयंपाकघरातला बल्ब बदलला, मग बाहेरच्या खोलीतला, मग हा टेबलावरचा. ही म्हणाली, "दिवे बदलून झाले, आता भिंती बदला."

१२ फेब्रुवारी, सोमवार

आज ढकल्यांचे ठोकळे बसवले. लाइनीच्या शेवटी भरलेला खोका आला की हवेच्या जोरावर एक लोखंडी पाटी पुढे येते आणि खोका थप्पीत ढकलते. तो ढकल्या. त्याच्या हवेचे व्हॉल्व्ह आणि खोका आला हे सांगणारा सेन्सर, दोन्ही एका ठोकळ्यात जोडलेले. दोन लाइनी, दोन ढकले, दोन ठोकळे, अगदी जुळे भाऊ. लाइन एकला छत्तीस नंबर, लाइन दोनला अडतीस.

एकचा पटकन बसला. दिवा हिरवा. दोनचा बसवला तर दिवा लाल. बाई पॅनेलवरून ओरडल्या, "काका, नंबर घेत नाहीये तो." सगळे बघताहेत असं वाटलं, प्रत्यक्षात कुणी बघत नव्हतं. वाकून पाहिलं, चकती बरोबर होती. तरी एक घर हलवली, मग आणखी एक, आणि दिवा हिरवा झाला. वरून आवाज आला, "आला! छत्तीस, अडतीस, दोन्ही दिसतायत." म्हणजे आधी चकती अर्धवट बसली असणार. नवीन वस्तूंना असं होतं.

संध्याकाळी दोन्ही लाइनी एकदम चालवून बघितल्या. दोन्ही ढकले खोके ढकलत होते, एकही चुकला नाही. बाईंनी सही केली. मोठ्या साहेबांनी पेढे वाटल्यासारखा चेहरा करून सगळ्यांशी हात मिळवले.

घरी येताना पायऱ्यांवर ठेचकाळलो. जिन्यातला दिवा गेलाय बहुतेक.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

जिन्यातला दिवा गेलेला नाही. हिने लावून दाखवला.

१९ फेब्रुवारी, सोमवार

लाइन दोनचा ढकल्या आज आपोआप थांबला. खोके येतायत, पट्टा चालू आहे, आणि तो गप्प. पाच-सहा खोके एकमेकांवर चढले. मी पोचेपर्यंत आपोआप सुरू झाला. त्यावेळी मी लाइन एकवर होतो. तिथे खोका आडवा पडला होता आणि साडूभाऊ जाळीचं दार उघडून तो काढत होते. तिकडून ओरडा झाला म्हणून पळालो.

बाईंनी सगळी केबल तपासली. तिच्या दोन्ही टोकांना एक छोटासा रोधक बसवावा लागतो, नाहीतर निरोप टोकाला आपटून परत फिरतात आणि गोंधळ होतो म्हणे. दोन्ही जागेवर होते. शेवटी म्हणाल्या, "कुठेतरी जोड सैल असेल, काका. परत झालं तर फोन करा." उद्यापासून त्या दुसऱ्या कारखान्यात आहेत.

जुन्या वायरींचं बरं होतं. बिघडली की एकच बिघडायची आणि हाताने सापडायची. या एका केबलमध्ये काय चाललंय ते कुणाला कळतं? हात लावला तरी गार. कसलीही थरथर नाही.

२१ फेब्रुवारी, बुधवार

पुन्हा थांबला. दोनदा. दोन्ही वेळा आपोआप सुरू झाला. सगळे जोड आवळले. काल रात्री झोप नव्हती, डोळ्यांपुढे काळे धागे तरंगत होते, कोळ्याच्या जाळ्यासारखे. हात मारला तरी जात नाहीत. झोप झाली की जातील.

ही म्हणते, डोळे दाखवून या. डॉक्टरांनी साखरेची गोळी लिहून दिली तेव्हाच सांगितलं होतं म्हणे. मी म्हटलं, बघू. वडील, आमचे अण्णा, शेवटची सात-आठ वर्षं खिडकीशी बसून होते. चहाचा कप हातात दिला की आधी बोटाने कड चाचपायचे. मला त्या बाजूला विचारच न्यायचा नाही.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज साडूभाऊंनी बाजूला घेतलं. चेहरा उतरलेला. एरवी हा माणूस अंत्ययात्रेतही कोपरखळी मारेल.

म्हणाले, "साडूभाऊ, तुमचा ढकल्या जिवंत आहे."

"काय झालं?"

"दार उघडलं, पट्टा थांबला. खोका काढून हात मागे घेतला, तेवढ्यात फाटलेल्या खोक्यातून साबणाची एक वडी घरंगळत सेन्सरपुढे गेली. आणि तो आला. पूर्ण जोरात. दार उघडं असताना."

"दार नीट उघडलं होतं?"

"डोकं आत होतं माझं. आणखी किती उघडायचं?"

दार उघडलं की ती लाइन मरायला हवी, असंच बांधलंय सगळं. मी दाराचा स्विच पाहिला, ठीक. साडूभाऊंना म्हटलं, हवेचा कॉक बंद केल्याशिवाय हात घालू नका, पूर्वी करायचो तसं. ते म्हणाले, "कॉक मागच्या बाजूला. दर खोक्याला प्रदक्षिणा घालत बसलो तर लाइन कधी चालवू?"

मोठ्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, बाई पुढच्या आठवड्यात येणारच आहेत, तोवर जरा सांभाळून. बाईंना फोन केला, उचलला नाही. परत केला नाही मी. का केला नाही? त्या विचारतील, नंबर पुन्हा तपासलेत का, म्हणून? नंबर बरोबर आहेत. दोन्ही दिवे हिरवे आहेत.

तरी त्या पाटीचा आवाज कानात आहे. आधी हवेचा फुत्कार, मग ठक्.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

वाचता येईल तसं लिहितो.

दुपारी लाइन एकवर खोका अडकला. साडूभाऊंनी दार उघडलं. पट्टा थांबला. मी पलीकडे लाइन दोनवर होतो, कारण तिथला ढकल्या त्याच क्षणी पुन्हा थांबला होता आणि मी त्याला शिव्या घालत होतो. तेवढ्यात फुत्कार ऐकला. पण ठक् आलं नाही. वेगळाच आवाज आला.

साडूभाऊ ओरडलेसुद्धा नाहीत. नुसतं "अहो, अहो" म्हणत होते, रस्त्यात कुणाला तरी हाक मारावी तसं. उजवा हात पाटी आणि थप्पीच्या चौकटीमध्ये. कुणीतरी लाल बटण दाबलं. पाटी हलली नाही. मी मागे पळालो आणि कॉक बंद केला. तो कुठे आहे हे बघावं लागलं नाही, हाताला ठाऊक होतं. हवा सुटली, मग तिघांनी मिळून पाटी मागे ढकलली.

तळहाताची दोन हाडं मोडलीत, शेवटची दोन बोटं चेंगरलीत. बोटं राहतील, पण सरळ होतील की नाही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मेहुणी दवाखान्याच्या बाकावर बसून होती. मला म्हणाली, "भाऊजी, तुम्ही तिथे होतात म्हणून हात वाचला." मी औषधं आणतो म्हणून उठलो.

मोठ्या साहेबांनी दारातच विचारलं, "नंबर कुणी बसवले होते?"

"मीच. दोन्ही तपासलेत."

"नक्की?"

"नक्की."

२८ फेब्रुवारी, बुधवार

पॅकिंग हॉल बंद. बाई उद्या दुपारी येणार. सगळे म्हणतात, नेटवर्कच खराब. वेगवेगळ्या कंपन्यांचं सामान एका केबलवर घातलं की आणखी काय होणार. पाण्याच्या टाकीशी चर्चा चालली होती. एकजण म्हणाला, बाईची नोकरी जाणार. मी मान डोलावली.

रात्रभर एकच गोष्ट डोक्यात. तो दिवा लाल का झाला होता?

१ मार्च, गुरुवार

उजाडताच कारखान्यात गेलो. औषधाच्या चिठ्ठ्या वाचायला ही जे भिंग वापरते ते खिशात टाकलं. वॉचमनला म्हटलं, बाई येण्याआधी साफसफाई करतो.

रिकाम्या हॉलमध्ये चालताना माझ्याच पावलांना दचकत होतो. लाइन एकच्या ठोकळ्यासमोर गुडघे टेकले. टॉर्च धरला, भिंग धरलं. पहिली चकती तीनवर. दुसरी सहावर. मग आठवर. मग पुन्हा सहा. मान जरा वळवली की आकडा बदलतो. मधोमध एक काळा ठिपका, जिकडे पाहावं तिकडे तोच पुढे येतो. भिंगाची काच पुसली, टॉर्चची काच पुसली, शेवटी शर्टाने डोळेही पुसले.

मग वाचायचा नाद सोडला. लाइन दोन रिकामीच सुरू केली. लाइन एकचं दार उघडून ठेवलं, म्हणजे एकचा ढकल्या मेलेला असायला हवा. दूर उभं राहून लांब काठीने त्याच्या सेन्सरपुढे पुठ्ठा धरला.

फुत्कार. ठक्.

काठी हातातून उडाली. मी तिथेच जमिनीवर बसलो. मग लाइन दोनच्या सेन्सरपुढे पुठ्ठा धरला. काही नाही. लाइन चालू, आणि तो निपचित.

तेव्हा सगळं एकदम कळलं. मी एकला आठ लावलंय. मग दोनला आठ लावायला गेलो तर केबल म्हणाली, हा नंबर दुसऱ्याने घेतलाय, म्हणून लाल. मी चकती हलवत गेलो, सात दुसऱ्याच यंत्राचा होता म्हणून लालच, मग ती सहावर पोचली आणि दिवा हिरवा झाला. दोघांची नावं मी अदलाबदल केली. दोन्ही लाइनी चालू असताना कुणाला काही कळायचं कारण नाही, दोघंही खोके ढकलतात. पण साडूभाऊ दार उघडायचे तेव्हा थांबायचा तो दोनचा. एकचा जागाच असायचा.

पेचकस खिशात होता. आकडे दिसायची गरज नव्हती. एकची चकती दोन टिचक्या मागे, दोनची दोन टिचक्या पुढे. बोटांना कळतं तेवढं. मग काठीने पुन्हा तपासायचं. बाई येतील, सगळं बरोबर सापडेल, आणि केबलवर खापर फुटेल. हॉलमध्ये कुणी नव्हतं. मी पेचकस चकतीच्या खाचेत बसवलासुद्धा.

आणि तेवढ्यात वेगळाच विचार आला. नंबर मी या दोनच ठोकळ्यांना बसवलेले नाहीत. सगळ्या हॉलला बसवलेत. पट्ट्यांच्या मोटरींना, सील करायच्या तव्याला, आणि पलीकडे मिक्सरच्या खोलीतसुद्धा, जिथे धुवायला माणसं आत उतरतात. त्यातला कुठला बरोबर आहे? मला सांगता येत नाही. मी पुन्हा वाचले तरी सांगता येणार नाही.

पेचकस काढून घेतला. बाई येईपर्यंत तिथेच बसून राहिलो.

त्या आल्या, बॅग ठेवायच्या आधीच म्हटलं, "मॅडम, नंबर तुम्ही वाचा. सगळे. मला वाचता येत नाहीत."

त्यांना आधी कळलं नाही. "प्रकाश कमी पडतोय का, काका?"

"नाही. प्रकाश पुरेसा आहे."

२ मार्च, शुक्रवार

बाईंनी आणि आणखी एकाने मिळून सगळे नंबर वाचले. त्या वाचायच्या, तो कागदावर खूण करायचा, मी टॉर्च धरायचो. मिक्सरच्या खोलीत आणखी एक जोडी उलटी निघाली. तीन नंबरच्या मिक्सरला आठ आणि आठला तीन. ती खोली सोमवारी नव्या केबलवर सुरू व्हायची होती. बाई कागदाकडे बघत राहिल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "आत उतरण्याआधी मेन स्विच काढायचा नियम आहे ना?"

"आहे. कॉक बंद करायचाही होता."

त्यांनी कागदाची घडी घातली. मग त्या म्हणाल्या, "मी दोन्ही लाइनी एकत्र चालवून सही केली. एक थांबवायची, दुसरी चालू ठेवायची, मग काय हलतंय ते बघायचं. ते माझं काम होतं. मी केलं नाही." मोठ्या साहेबांपुढेही हेच सांगितलं त्यांनी. साहेबांनी मला सोमवारपासून घरी थांबायला सांगितलं, डॉक्टरचा कागद आणेपर्यंत. पुढचं पुढे. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी साडूभाऊंकडे गेलो. ते पलंगावर, हात उशीवर. सगळं सांगितलं, मधे थांबलो नाही, नाहीतर पुढे जमलं नसतं. मेहुणी दारात उभी होती. ती आत निघून गेली.

साडूभाऊ म्हणाले, "मला वाटत होतं यंत्राने केलं. यंत्राचा राग येत नव्हता. आता येईल कुणाचा तरी."

"येऊ द्या."

"उद्या नका येऊ. परवा या."

४ मार्च, रविवार

गेलो. दार वाजवायला हात उठेना. मेहुणीने दार उघडलं, या म्हणाली नाही, पण दार उघडंच ठेवून गेली.

साडूभाऊ आरशासमोर डाव्या हाताने शर्टाची बटणं लावत होते. वरचं बटण खालच्या काजात गेलेलं. मी पुढे होऊन सगळी सोडली आणि पुन्हा लावली, चाचपून.

मग ते म्हणाले, "डॉक्टरकडे गेलात?"

"नाही."

"भीती वाटते?"

"फार."

"मलाही. मंगळवारी पट्टी सोडणारेत, बोटं हलवा म्हणतील." जरा थांबून म्हणाले, "उद्या मी येतो तुमच्याबरोबर. मी घरीच आहे, तुम्हीही घरीच आहात. सुट्टी मिळवून दिलीत दोघांना."

हसले नाहीत. पण बोलले.

५ मार्च, सोमवार

डोळ्यांच्या दवाखान्यात बरीच गर्दी होती. तपासायची खोली पडद्यापलीकडेच, आत बसलेला माणूस अक्षरं वाचत होता ते बाहेर ऐकू येत होतं. मी ऐकत होतो. का ऐकतोय हे माझं मलाच कळत होतं आणि कळत नव्हतं. सगळ्या ओळी, वरून खालपर्यंत.

माझी पाळी आली. साडूभाऊ आत येऊन मागच्या स्टुलावर बसले. डॉक्टरांनी एक डोळा झाकला आणि समोर वाचायला सांगितलं. मी वाचायला लागलो. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. घडाघडा. डॉक्टर म्हणाले, "हं. पुढे?" मी चौथी घेतली.

मागून साडूभाऊ हळूच म्हणाले, "ही आधीच्या पेशंटची अक्षरं आहेत. डॉक्टरसाहेबांनी तक्ता बदललाय."

डॉक्टरांनी हात खाली घेतला. अण्णांची ती खिडकी, तो कप, सगळं छातीवर येऊन बसलं होतं.

"आता सांगा," साडूभाऊ म्हणाले, "काय दिसतंय?"

मी नीट पाहिलं. घाई केली नाही.

"एक पांढरा चौकोन," मी म्हटलं. "मधे काळं आहे. बाकी काही नाही."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. साडूभाऊंनी स्टूल पुढे ओढलं आणि डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला.